तवा, पाव आणि मफलर : ‘रोम, ओपन सिटी’ समजून घेताना

जर्मन शिपाई कामगारांच्या इमारतीची मजल्यामागून मजला झडती घेत वर येताहेत. वरच्या मजल्यावर एका पोराने बॉम्ब आणि बंदूक लपवून ठेवली आहे. फादर पिएत्रो छोट्या मार्चेल्लोला बरोबर घेऊन घाईने जिने चढतो. खाली शिपायांना त्याने सांगितलंय, की वर एक म्हातारा शेवटचे श्वास मोजतोय, त्याला अखेरचा संस्कार द्यायचा आहे. म्हातारा अंथरुणाला खिळलेला आहे हे खरं, पण मरायला तो बिलकूल तयार नाही. पाद्री उशाशी बसून प्रार्थना पुटपुटतोय म्हटल्यावर तो बिथरतो आणि ओरडायला लागतो. जिन्यावर बुटांचे आवाज जवळ येतात. शिपाई दार ढकलून आत येतात तेव्हा मात्र म्हातारा डोळे मिटून निपचित पडलेला असतो, फादर शांतपणे प्रार्थना म्हणत असतो आणि शस्त्रं म्हाताऱ्याच्याच अंथरुणात गेलेली असतात. शिपाई निघून गेल्यावर आपल्याला कळतं, की फादरने म्हाताऱ्याच्या डोक्यात तवा हाणला होता.

हा प्रसंग पाहताना मी प्रत्येक वेळी हसतो. आणि प्रत्येक वेळी ते हसू पुरतं ओसरायच्या आत, दोनेक मिनिटांत, त्याच इमारतीसमोरच्या रस्त्यावर जे घडतं त्याने पोटात गोळा येतो. त्याच्याकडे येऊच.

‘रोमा चित्ता आपेर्ता’, म्हणजे ‘रोम, ओपन सिटी’, हा रोबेर्तो रोस्सेलिनीचा १९४५चा चित्रपट. इटालियन नववास्तववादाची सुरुवात म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. ‘नववास्तववाद’ हा शब्द ऐकून बरेच जण दोन पावलं मागे सरतात, काहीतरी संथ, जडजंबाल असणार असं गृहीत धरतात. चित्रपट तसा नाही. त्यात पाठलाग आहे, फितुरी आहे, प्रेम आहे, थट्टामस्करी आहे. अवघड आहे ती मागची परिस्थिती. कोण कोणाच्या बाजूने लढतंय? शहर ‘ओपन’ असतं म्हणजे काय? देव न मानणारा कम्युनिस्ट आणि चर्चचा पाद्री एकमेकांसाठी जीव द्यायला कसे तयार होतात? एवढं उलगडलं, की बाकीचं आपोआप पोचतं. माझ्यापुरतं सांगायचं तर या चित्रपटाचं मर्म घरातल्या वस्तूंत आहे. इथला लढा तव्याने, पावाने, पुस्तकांच्या गठ्ठ्याने आणि एका मफलरने लढला जातो.

‘ओपन’ शहर

युद्धाच्या नियमांत ‘ओपन सिटी’ नावाची एक सोय आहे. शहर जाहीर करतं, की इथे सैन्य नाही, तोफा नाहीत, आम्ही लढणार नाही, तेव्हा आमच्यावर बॉम्ब टाकू नका. घरं, देवळं, माणसं वाचावीत एवढाच हेतू. पण ही टाळी एका हाताने वाजत नाही. शहरातून लष्कर खरोखर बाहेर पडावं लागतं, आणि समोरच्यानेही ते मानावं लागतं.

रोमच्या नशिबात यातलं काहीच नव्हतं. १९ जुलै १९४३ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी सान लोरेन्झो या कामगारवस्तीवर आणि तिथल्या रेल्वे यार्डावर बॉम्बफेक केली. १३ ऑगस्टला पुन्हा विमानं आली. दुसऱ्याच दिवशी इटलीच्या सरकारने रोम ओपन सिटी असल्याचं जाहीर करून टाकलं. दोस्तांनी ते मानलं नाही. पुढे शहर जर्मनांच्या हातात गेलं आणि त्यांनी दक्षिणेकडच्या आघाडीवर माणसं आणि सामान नेण्यासाठी रोमचे रस्ते आणि रेल्वे बेलाशक वापरली. म्हणजे कागदावर शहर खुलं, आणि प्रत्यक्षात वरून बॉम्ब, खाली जर्मन बूट. चित्रपटाच्या नावातला सल हा आहे. चित्रपटात एका ठिकाणी बोलता बोलता प्रश्न निघतो, की हे अमेरिकन खरंच आहेत तरी का? पीना समोरच्या बॉम्बने ढासळलेल्या इमारतीकडे पाहते आणि म्हणते, दिसतंय तर तसंच.

पण जर्मन इथे आले कसे? इटली तर जर्मनीच्याच बाजूने युद्धात होती. हा गुंता सोडवायला दीड महिन्याचं कॅलेंडर पुरे. २५ जुलै १९४३ला मुसोलिनीला त्याच्याच फॅसिस्ट पक्षाच्या श्रेष्ठींनी मतदानाने एकटं पाडलं आणि राजाने त्याला बरखास्त करून अटकेत टाकलं. मार्शल बादोल्यो पंतप्रधान झाला. त्याच्या सरकारने दोस्तांशी गुपचूप बोलणी केली. ८ सप्टेंबरला युद्धबंदी जाहीर झाली. ९ तारखेच्या पहाटे राजा आणि पंतप्रधान दोघंही राजधानी सोडून दक्षिणेकडे निघून गेले. सैन्याला धड हुकूमही मिळाला नाही. पोर्ता सान पाओलो या जुन्या वेशीपाशी काही शिपाई आणि हाताला लागेल ते घेऊन धावलेले नागरिक जर्मन तुकड्यांशी झुंजले. १० सप्टेंबरला रोम पडलं. ते सुटलं ४ जून १९४४ला. मधले जवळपास नऊ महिने हा चित्रपटाचा काळ.

त्या नऊ महिन्यांत काय नव्हतं? संचारबंदी. सक्तीच्या मजुरीसाठी रस्त्यातून, ट्राममधून उचललेले पुरुष. १६ ऑक्टोबर १९४३च्या पहाटे ज्यू कुटुंबांवर पडलेली धाड. तीत पकडलेल्या हजाराहून अधिक माणसांना आउश्वित्झला पाठवलं गेलं आणि जेमतेम सोळा जण परतले. पावाचं रेशन माणशी दिवसाला दीडशे ग्रॅमवरून शंभर ग्रॅमवर आलं. शंभर ग्रॅम म्हणजे आपल्याकडचे दोन-तीन छोटे पाव, दिवसभरासाठी. आणि व्हिया तास्सो नावाचा एक साधा, निवासी रस्ता. तिथल्या एका इमारतीत जर्मन सुरक्षा पोलिसांनी तुरुंग केला होता, खोल्यांच्या खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या होत्या. कैद्यांनी त्या भिंतींवर नखांनी, खिळ्यांनी कोरलेलं लिखाण आजही तिथे जपलेलं आहे. त्या इमारतीत आता संग्रहालय आहे.

दुसऱ्या बाजूला भूमिगत चळवळ उभी राहिली. राजा पळाला त्याच दिवशी, ९ सप्टेंबरला, फॅसिस्टविरोधी सहा पक्षांनी मिळून राष्ट्रीय मुक्ती समिती स्थापन केली. त्यात कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, चर्चला मानणारे ख्रिश्चन डेमोक्रॅटही होते. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी ही माणसं एका समितीत बसली कारण समोर शत्रू एकच होता. २३ मार्च १९४४ला व्हिया राझेल्लात भूमिगतांनी बॉम्ब उडवला, त्यात जर्मनांच्या पोलीस तुकडीतले तेहतीस जण मेले. दुसऱ्या दिवशी जर्मनांनी शहराबाहेरच्या आर्देआतीने खाणींमध्ये ३३५ कैद्यांना मानेत गोळ्या घालून मारलं. एका मेलेल्यामागे दहा, या ठरवलेल्या हिशेबापेक्षाही पाच जास्त.

खरी माणसं, घडवलेली माणसं

चित्रपटाचं चित्रीकरण सुरू झालं जानेवारी १९४५मध्ये. रोम सुटून साडेसात महिने झाले होते. उत्तर इटलीत अजून लढाई चालू होती, तिथल्या शहरांची सुटका एप्रिलअखेर झाली. ज्या गोष्टी पडद्यावर येणार होत्या त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने आदल्याच वर्षी भोगल्या होत्या. हे मला कुठल्याही तांत्रिक बाबीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

सुरुवातीला एका पाद्र्यावर माहितीपट करायचा विचार होता. फादर जुझेप्पे मोरोझिनीने भूमिगतांना शस्त्रं आणि माहिती पुरवली, आणि ३ एप्रिल १९४४ला त्याला गोळ्या घातल्या गेल्या. दुसरा पाद्री पिएत्रो पाप्पागाल्लो. छळातून पळालेल्यांना तो खोटी कागदपत्रं मिळवून द्यायचा. तो आर्देआतीनेच्या ३३५ जणांत होता. या दोघांना एकत्र करून चित्रपटातला फादर पिएत्रो घडला. पटकथाकार सेर्जिओ आमिदेई स्वतः कम्युनिस्ट होता आणि पकडायला आलेल्यांच्या हातावर तुरी देऊन छपरांवरून निसटला होता. चित्रपटाच्या सुरुवातीला मान्फ्रेदी हा कम्युनिस्ट भूमिगत पुढारी गच्चीवरून शेजारच्या छपरावर उतरून पळतो, तो प्रसंग तिथून आला. पटकथेत दुसरं नाव आहे फेदेरीको फेलिनीचं. पुढे जगप्रसिद्ध झालेला हा दिग्दर्शक तेव्हा रोममध्ये दोस्तांच्या सैनिकांची व्यंगचित्रं काढून देण्याचं दुकान चालवत होता.

आणि पीना. तेरेझा गुल्लाचे ही पाच मुलांची आई, सहावं पोटात. तिच्या नवऱ्याला जर्मनांनी धाडीत उचलून एका बराकीत कोंडलं होतं. ३ मार्च १९४४ला बराकीबाहेर बायकांची गर्दी जमली. तेरेझा खिडकीतल्या नवऱ्याकडे जायला पुढे झाली आणि एका जर्मन शिपायाने तिला भर रस्त्यात गोळी घातली. रोममधल्या बायकांच्या तोंडी हे नाव होतं. चित्रपट आला तेव्हा पडद्यावरची पीना कोण, हे प्रेक्षकांना समजावून सांगावं लागलं नाही.

पीना

पीना विधवा आहे, मार्चेल्लो हा तिचा मुलगा. छापखान्यात काम करणाऱ्या फ्रान्चेस्कोपासून तिला दिवस गेलेत आणि उद्या त्यांचं लग्न आहे. फ्रान्चेस्को देव मानत नाही, तरी लग्न चर्चमध्ये लागणार, कारण नगरपालिकेतल्या फॅसिस्टासमोर उभं राहण्यापेक्षा फादर पिएत्रो बरा. तिची आपली पहिली भेट बेकरीसमोर होते. रेशन मिळेना तेव्हा बायकांनी बेकरी फोडली आहे आणि पीना पाव भरलेली पिशवी घेऊन बाहेर पडते. खरं तर तिला अटक करायला हवी असा पोलीस तिची पिशवी घरापर्यंत उचलतो, आणि ती त्याच्याही हातात पाव ठेवते. त्या एका देवाणघेवाणीत ताब्यात घेतलेल्या शहराचा सगळा कारभार कळतो. कायदा कोणाचा आहे आणि भूक कोणाची आहे, यात त्या पोलिसाने आपली निवड केली आहे.

आदल्या रात्री जिन्यात बसून पीना आणि फ्रान्चेस्को बोलतात. ती थकली आहे. हा हिवाळा संपणारच नाही असं तिला वाटतंय. तो तिला सांगतो, की संपेल, वसंत येईल, आपण बरोबर वाटेवर आहोत म्हणून घाबरायचं नाही. पीना झालेली आन्ना मान्यानी या प्रसंगात जवळजवळ काहीच ‘करत’ नाही, नुसती ऐकते, आणि तिच्या चेहऱ्यावरून नजर हलत नाही.

मग लग्नाची सकाळ, धाड, तवा, हशा. बायकांना खाली चौकात उभं केलं आहे. पीनाला दिसतं, की फ्रान्चेस्कोला ट्रकमध्ये चढवताहेत. ती शिपायाला ढकलून सुटते आणि त्याचं नाव घेत, हात उंचावून ट्रकमागे धावते. कॅमेरा आधी रस्त्यावरून तिला पाहतो, मग ट्रकवरून. गोळ्यांचा आवाज होतो आणि ती रस्त्यावर कोसळते. संगीताने आधी इशारा दिलेला नाही, आणि कोणी मारलं तो चेहराही दाखवलेला नाही. चर्चमधल्या सेवेकरी मुलाच्या पांढऱ्या झग्यात मार्चेल्लो तिच्याकडे धावतो, फादर तिला मांडीवर घेतो. मेलेल्या येशूला मांडीवर घेतलेल्या मारियाची मूर्ती इटलीतल्या प्रत्येकाने पाहिलेली असते. इथे मांडीवर एक बाई आहे, तिच्या पायातले मोजे गुडघ्यावरून घसरलेले आहेत.

यात दिग्दर्शकाने काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. पीना ही आतापर्यंत चित्रपटाची नायिका आहे. चित्रपट अर्ध्यावर आहे. नायिका अशी मधेच, काही पराक्रम न करता, एका वाक्याचाही निरोप न घेता मरत नसते. प्रेक्षकाला कथेच्या नियमांचा जो आधार असतो तो इथे काढून घेतला जातो. धाडीत सापडलेल्या माणसालाही असा कुठलाच आधार नसतो. थोड्याच वेळात भूमिगत लोक ट्रकवर हल्ला करतात आणि फ्रान्चेस्को सुटतो. म्हणजे ती धावली नसती तरी चाललं असतं. हे चित्रपट बोलून दाखवत नाही, आपल्यालाच उमगतं, आणि तिथे जीव कळवळतो.

हा रस्ता खरा आहे. प्रेनेस्तीनो भागातला व्हिया माँतेकुक्कोली. मान्यानीने पुढे सांगितलं होतं, की ती दारातून बाहेर आली आणि समोर जर्मन गणवेश, भिंतीला लागून उभ्या केलेल्या बायका दिसल्या तेव्हा त्या बायकांचे चेहरे खरोखर पांढरे पडले होते.

मग नववास्तववाद म्हणजे काय?

साधारण व्याख्या अशी सांगतात : स्टुडिओऐवजी खरे रस्ते, नटांऐवजी रस्त्यावरची माणसं, गरिबांच्या आयुष्याची गोष्ट, जुनीपानी फिल्म वापरून केलेलं ओबडधोबड चित्रण. आता हीच फूटपट्टी या चित्रपटाला लावून पाहा.

आन्ना मान्यानी आणि फादर झालेला आल्दो फाब्रीझी हे दोघं रंगमंचावर गाजलेले विनोदी कलाकार होते. आजच्या भाषेत स्टार. बाकी मंडळींत मात्र नवखे बरेच होते. मार्चेल्लो झालेला मुलगा रस्त्यावर बूट पॉलिश करायचा. मुसोलिनीच्या काळात १९३७मध्ये उभारलेली चिनेचित्ता ही चित्रनगरी बॉम्बने जखमी होती आणि तिथे निर्वासित राहत होते, म्हणून मध्य रोममधल्या व्हिया देल्यी आविन्योनेझीवरच्या एका हॉलमध्ये सेट लावले गेले. फादरची खोली, जर्मन मेजर बेर्गमानचं ऑफिस, छळाची खोली हे सगळं तिथे बांधलेलं आहे. आवाज जागेवर टिपलाच नाही. संवाद नंतर डब केले. पैशांची ओढाताण खरी होती, पैसे घालणाऱ्यांत एक लोकरीचा व्यापारी होता. पण मिळेल ते फिल्मचे तुकडे जोडून चित्रपट केला, ही आवडीने सांगितली जाणारी गोष्ट पुरती खरी नाही. मूळ निगेटिव्ह पुढे तपासली तेव्हा मोजक्याच प्रकारची फिल्म निघाली. चित्रांतला कमीजास्त उजेड बराचसा तेव्हाच्या प्रयोगशाळांतल्या धुलाईमुळे आलेला होता.

तेव्हा व्याख्येतल्या निम्म्या अटींत हा चित्रपट बसत नाही. तरी तो पाया मानला जातो आणि माझ्या मते योग्यच मानला जातो. फरक कशात होता ते आधीच्या चित्रपटांकडे पाहिलं तर कळतं. तीसच्या दशकात इटलीत जे गुळगुळीत प्रेमविनोदी चित्रपट चालायचे त्यांना ‘पांढऱ्या टेलिफोनचे चित्रपट’ म्हणत, कारण त्यातल्या चकचकीत दिवाणखान्यांत पांढरा टेलिफोन असायचाच. बाहेर युद्धाची तयारी चालली होती आणि पडद्यावर फोन वाजत होता. रोस्सेलिनीही धुतल्या तांदळासारखा नव्हता. १९४१ ते १९४३ दरम्यान त्याने त्याच राजवटीत तीन युद्धपट केले होते. हे त्याच्या चाहत्यांना सांगायला जड जातं, पण सांगायला हवं. जहाज, विमान, आघाडी यांचं खऱ्यासारखं चित्रण करायला तो तिथेच शिकला. तेच कौशल्य १९४५मध्ये त्याने सरकारी घोषणांकडून काढून घेतलं आणि जिन्यात बसलेल्या बाईकडे वळवलं.

नववास्तववाद म्हणजे हे वळणं. कॅमेरा कोणाच्या घरात शिरतो, कोणाच्या पोटाची काळजी करतो, याचा तो प्रश्न आहे. खरा रस्ता की सेट, हा प्रश्न त्यानंतरचा.

बेर्गमानच्या ऑफिसचा सेटच घ्या. टेबलाच्या एका बाजूच्या दाराआड छळाची खोली आहे. दुसऱ्या बाजूच्या दाराआड दिवाणखाना : पियानो, पत्ते, दारू, जर्मन अधिकारी. बेर्गमान एका दारातून येतो आणि दुसऱ्यातून जातो. मधल्या खोलीत फादर पिएत्रोला बसवलंय आणि दार उघडं ठेवून त्याला मान्फ्रेदीचा छळ पाहायला लावलाय. कुठल्याही खऱ्या इमारतीत खोल्यांची अशी रचना सापडली नसती. पण व्हिया तास्सोबद्दल रोमच्या लोकांना जे ठाऊक होतं, की किंकाळ्या आणि संगीत एकाच छपराखाली राहू शकतात, ते या तीन खोल्यांनी जसं दाखवलं तसं दस्तऐवजाने दाखवता आलं नसतं. याच बेर्गमानच्या तोंडी सुरुवातीला एक वाक्य आहे : तो म्हणतो, मी रोज संध्याकाळी ऑफिस न सोडता सगळ्या रोममधून फेरफटका मारतो, फोटोंमधून. त्याच्या रोममध्ये चेहरे आहेत, नकाशा आहे, शहराचे पाडलेले चौदा विभाग आहेत. पाव हातात दिला-घेतला जातो ते रोम त्याला दिसतच नाही. त्याचा अंदाज असतो, की कम्युनिस्ट आणि राजनिष्ठ यांना एकमेकांविरुद्ध सहज फोडता येईल. फादरला तो तेच सांगतो : हा माणूस देव न मानणारा, तुझा शत्रू. फादर उत्तर देतो, न्यायासाठी आणि स्वातंत्र्यासाठी जो लढतो तो देवाच्याच वाटेवर चालतो असं मी मानतो.

हीच ती दिलजमाई, जी राष्ट्रीय मुक्ती समितीने बांधली होती. ती फार टिकली नाही. १९४७मध्ये कम्युनिस्टांना सरकारबाहेर काढलं गेलं आणि १९४८च्या निवडणुकीत हेच दोन गट हाडवैऱ्यांसारखे समोरासमोर उभे होते. त्यामुळे हा चित्रपट एका अगदी छोट्या मोसमाचा आहे. दोन वर्षं उशीर झाला असता तर असा फादर आणि असा मान्फ्रेदी एका पटकथेत मावले नसते.

जे खटकतं

या चित्रपटावर माझं प्रेम आहे म्हणून त्यातल्या उणिवा लपवाव्यात असं वाटत नाही. बेर्गमान बायकी हावभावाचा आणि त्याची सहकारी इन्ग्रिड बाईवर डोळा ठेवणारी दाखवली आहे. क्रौर्य आणि समलैंगिकता यांची अशी सांगड घालणं तेव्हाही खोटं होतं आणि आज तर डोळ्यांत खुपतं. मान्फ्रेदीला पकडून देणारी त्याची प्रेयसी मारीना फर कोट आणि अमली पदार्थांपायी फितूर होते. म्हणजे चांगली बाई आई, वाईट बाई हौशी, असा सरधोपट हिशेब.

त्याहून मोठी गोष्ट जे दाखवलं नाही त्याची आहे. १६ ऑक्टोबरची धाड चित्रपटात नाही. इटालियन फॅसिस्ट दिसतात, जर्मनांपुढे झुकणारा पोलीसप्रमुख दिसतो, पण दोषाचं सारं वजन जर्मन गणवेशावर येतं. प्रत्यक्षात आर्देआतीनेच्या यादीत नावं भरायला इटालियन पोलिसांनीही हात लावला होता, आणि मुसोलिनीला वीस वर्षं डोक्यावर घेणारेही इटालियनच होते. नुकत्याच सुटलेल्या देशाला आपण सगळे पीनासारखे होतो असं वाटून घ्यायचं होतं. चित्रपटाने ती इच्छा थोडी जास्तच पुरवली.

बाहेरच्या जगात

सप्टेंबर १९४५मध्ये तो रोममध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. समीक्षकांचं एकमत झालं नाही, पण लोकांनी गर्दी केली आणि त्या मोसमात इटलीत सर्वाधिक चाललेल्या इटालियन चित्रपटांत तो पहिला ठरला. फेब्रुवारी १९४६मध्ये तो न्यूयॉर्कला लागला आणि तिथे दीर्घकाळ चालला. आमिदेई आणि फेलिनी यांना पटकथेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं.

१९४६च्या पहिल्या कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक अकरा चित्रपटांना विभागून दिलं गेलं. त्यात एक हा होता आणि दुसरा होता चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’. युद्धातून उठलेला देश आणि पारतंत्र्यातून उठू पाहणारा देश एकाच यादीत शेजारी बसले, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. पुढे जानेवारी १९५२मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा इटलीहून आलेल्या चित्रपटांमध्ये ‘रोम, ओपन सिटी’ही होता. त्या महोत्सवातल्या इटालियन चित्रपटांनी इथल्या दिग्दर्शकांना कॅमेरा रस्त्यावर न्यायचं बळ दिलं. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ वर्षभरातच आला. रोस्सेलिनी स्वतः १९५६च्या अखेरीस भारतात आला आणि इथे फिरून त्याने एक चित्रपटही केला.

मफलर

पीना गेल्यानंतर फ्रान्चेस्को आणि मान्फ्रेदी मारीनाच्या घरी आसरा घेतात आणि मग फादरकडे येतात. तिथून दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी निघायचं असतं. मार्चेल्लो फ्रान्चेस्कोला थांबवतो. हा माणूस त्याचा बाप होणार होता, आईच राहिली नाही. मुलगा त्याला आईचा मफलर देतो. त्या दोन-चार क्षणांच्या उशिराने फ्रान्चेस्को मागे राहतो, पुढे गेलेले मान्फ्रेदी, फादर आणि त्यांच्याबरोबरचा पळून आलेला ऑस्ट्रियन शिपाई रस्त्यात पकडले जातात. फितुरीने जे ठरवलं होतं त्यातून एक माणूस मफलरने वाचतो.

पुढचं फार कठीण आहे. मान्फ्रेदी एक शब्द न बोलता मरतो. फादरला गावाबाहेरच्या मैदानावर आणून खुर्चीला बांधतात. गोळ्या घालायला उभे केलेले शिपाई इटालियन आहेत आणि ते मुद्दाम जमिनीकडे नेम धरतात. शेवटी जर्मन अधिकारी हार्टमान पुढे होतो आणि स्वतःच्या पिस्तुलाने काम संपवतो. आदल्या रात्री दारूच्या नशेत हाच हार्टमान म्हणाला होता, की आपण सगळ्या युरोपभर फक्त द्वेष पेरला आहे.

कुंपणापलीकडे पोरं उभी आहेत. फादर ज्यांच्या फुटबॉलचा पंच व्हायचा तीच ही पोरं. इमारतीत बॉम्ब लपवणारा, कुबडी घेतलेला रोमोलेत्तो आहे, मार्चेल्लो आहे. फादरला ऐकू जावं म्हणून ती शीळ घालतात, त्याला ती ऐकू येते. गोळी झाल्यावर ती माना खाली घालून उतारावरून शहराकडे निघतात, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. समोर रोम पसरलेलं आहे, मागे सेंट पीटरचा घुमट. मार्चेल्लोकडे आता आई नाही, फादर नाही. फ्रान्चेस्को जिवंत आहे, कुठेतरी लपलेला, गळ्यात पीनाचा मफलर. तो पुन्हा भेटतो का, हे चित्रपट सांगत नाही.